सगळे बॉल एकाच बाजूला

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. त्याचा पगार, गाडी, केस, यांचं मला काही नाही. माझ्या पोटात दुखतं ते त्याच्या बॅटिंगमुळे.

मस्कतच्या वादी कबीर भागात आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत आम्ही मराठी मंडळी शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. ऑफ साइडला बिल्डिंगची सावली पडते, म्हणून गाड्या तिथेच लावलेल्या असतात. हवेतून गाडीला बॉल लागला की आऊट, हा आमचा नियम. मी पुण्यात क्रिकेटच्या सरांच्या हाताखाली शिकलेला माणूस. बाहेरचा बॉल मी जमिनीलगत कव्हरमधून काढतो, तो गाड्यांखालून घरंगळत भिंतीपर्यंत जातो. माझी लेक कठड्यावर बसून "शॉट, बाबा!" म्हणायची. त्या दोन शब्दांवर माझा आठवडा निघायचा. संध्याकाळी मी तिलाही तोच शॉट शिकवायचो.

मग बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा बदली होऊन मस्कतला आला. आधी तो अमेरिकेत होता, तिथे ऑफिसच्या टीममधून बेसबॉल खेळायचा. हा गडी आलेला प्रत्येक बॉल लेगला ओढतो. पायावरचा, सरळ, हातभर बाहेरचा, सगळे थेट लेगच्या बाजूच्या टेकडीकडे!

"अरे, प्रत्येक बॉल ओढायचा नसतो," मी त्याला समजावलं. "बाहेरचा आला की फसशील."

"दादा, तिथला कोचपण हेच ओरडायचा," तो हसत म्हणाला. "पण ओढलेला लांब जातो हो. शिवाय तुमच्या गाड्या वाचतात!"

सगळे खिदळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण गाड्यांचं त्याचं म्हणणं बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी लेकीने माझे सगळे बॉल डोळे मिटून डावीकडे भिरकावले.

"काका म्हणतो, फुल स्विंग मारायचा. बाबा, तुझा शॉट खूप बोअरिंग आहे."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर उन्हावर ढकललं.

पुढच्या शुक्रवारी साडू समोरच्या टीममध्ये होता. मी आमच्या बोलरच्या कानात सांगितलं, "बाहेर टाक. अजून बाहेर." आणि स्वतः कव्हरला, माझ्याच गाडीपुढे उभा राहिलो. पहिले दोन त्याने तिथूनही ओढून टेकडीवर घातले. लेक कठड्यावर नाचत होती. तिसरा आणखी बाहेर पडला. तो वाकला, ताणला, तरीही ओढायलाच गेला. बॉल बॅटच्या कडेला लागून सरळ माझ्या डोक्यावर चढला. मी मागे सरकलो, बॉनेटवर पाठ टेकली आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"खलास!" मी ओरडलो. इतक्या जोरात मी स्वतःच्या लग्नातही बोललो नसेन. सरांचं शास्त्र खरं ठरलं होतं. मी ऐटीत कठड्याकडे वळलो.

लेकीचे डोळे भरले होते.

"का पकडलास, बाबा? ड्रॉप करायचा ना!"

मी काही बोलायच्या आत ती उडी मारून साडूकडे धावली. त्याच्या हाताला लोंबकळत, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, नेक्स्ट टाइम बाबाला पोचणारच नाही इतका लांब मार."