वाढदिवसाची केळी

"हात वर घे नं बाई, केळं दिसलं पायजे फोटोत."

ज्या हाताला फोटोवाला वर घे म्हणत होता, त्या हातात दोन सुया होत्या. एकीतून माझं रक्त मशीनमध्ये जात होतं, दुसरीतून धुऊन परत येत होतं. डायलिसिसचे चार तास तो हात हलवायचा नसतो. पण समोर ट्रस्टचे अध्यक्ष उभे. गळ्यात हार. वाढदिवस त्यांचा, आणि वर्ध्याचं हे सेंटरही त्यांच्याच ट्रस्टचं. मी हात उचलला. मशीन कोकलायला लागली. टेक्निशियन धावत आला, तर फोटोवाला म्हणतो, थांबा, एक अजून.

मी हसलेसुद्धा. त्याची लाज मला आजही वाटते.

ह्या अध्यक्षसाहेबांचं कापडाचं मोठं दुकान आहे. दर वाढदिवसाला आमच्याकडे फळवाटप. किडनी गेलेल्या माणसांना केळी आणि शहाळी! केळ्यातलं पोटॅशियम आमच्या रक्तात साठून राहतं, त्यानं हृदय बंद पडू शकतं. हे आमच्यातला चौथी शिकलेला माणूसही महिनाभरात शिकतो. सेंटरच्या भिंतीवर तक्ता आहे, केळ्याच्या चित्रावर ही मोठी लाल फुली. त्या तक्त्याखाली उभं राहून साहेबांनी केळी वाटली. फोटोत साहेब आले, केळी आली, मागे फुलीही आली. एवढा शिकलेला माणूस. मान वळवून भिंत बघायची फुरसत नव्हती त्याला.

दुपारपर्यंत फोटो आमच्या देवळी गावात सगळ्यांच्या मोबाईलवर. खाली लिहिलं होतं, मृत्यूच्या दारातल्या रुग्णांना मायेचा घास. मी ब्लाऊज शिवते. दुसऱ्या दिवशी एक बाई आली आणि मुलीच्या लग्नाचं कापड न शिवताच परत घेऊन गेली. तुम्ही आता आराम करा म्हणाली. मग आणखी दोघी आल्या. मी चांगली धडधाकट शिलाई मशीनवर बसले होते, पण गावानं फोटो बघून मला निरोप देऊन टाकला होता.

तरी हा नुसता माझा अपमान झाला. खरी गोष्ट काकांची आहे.

काका सिंदी मेघेचे, माझ्या बाजूच्या बेडवर. शेतकरी माणूस. डायलिसिसवर नवे, तिसरीच खेप. त्यांनी दोन केळी पिशवीत ठेवली. मी बघितलं. मला सगळं माहीत होतं. सिस्टर सांगेल असं मला वाटलं. सिस्टरला वाटलं, साहेब गेले की सांगू. साहेब गेले आणि ती विसरली. काकांनी घरी जाऊन दोन्ही केळी खाल्ली. मोठ्या माणसानं हातात दिलेलं अन्न टाकायचं कसं! सकाळी पायातली ताकद गेली, छातीत कसंतरी व्हायला लागलं. मोठ्या दवाखान्यात चार दिवस होते. वाचले, एवढंच.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, तुले मालूम होतं का?"

मी हो म्हणाले. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यानंतर मी गप्प राहिले नाही. बटाट्यातलं पोटॅशियम जावं म्हणून तो बारीक चिरून पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं, मग शिजवायचा, हे मी काकांच्या घरी जाऊन काकूला दाखवलं. दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचं, तहान लागली तर घोट तोंडात फिरवून प्यायचा. सुयांच्या हातानं बादली उचलायची नाही, त्या हातात बांगडी घट्ट नको. आम्ही बेडवरचे लोकच एकमेकांना हे शिकवतो. कोणी नवा रडत आला तर काका त्याला स्वतःचा हात दाखवतात. ह्या आजारासोबत माणूस नीट जगतो. मी जगते. डायलिसिसच्या दिवशी सकाळच्या पाळीला मशीनवर, दुपारी देवळीला परत, मग अंधार पडेपर्यंत शिवणकाम. गिऱ्हाइकंही परत आली.

सकाळची ती पाळी होती म्हणून हे सगळं चाललं होतं.

यंदा साहेब पुन्हा आले. हार तोच, फोटोवाला तोच, टोपलीत केळीच. माझ्या हातात केळं ठेवायला वाकले. मी सुया नसलेल्या उजव्या हातानं ते परत टोपलीत ठेवलं.

"साहेब, हे आमाले जहर आहे. मागच्या साली हे काका मरता मरता वाचले. तुमी कोणाले इचारलं काऊन नाई?"

साहेबांचं तोंड उतरलं नाही, ते लाल झालं. "मी एवढ्या प्रेमानं देऊन राह्यलो, अन् तुले नखरे सुचून राह्यले?"

प्रेम म्हणे. ज्याला प्रेम असतं तो आधी विचारतो, तुला चालतं का. काकांनीही केळं घेतलं नाही. बाकीच्यांनी घेतलं, फोटो काढून झाला, आणि साहेब गेल्यावर सगळी केळी सफाईवाल्या बाईच्या पिशवीत गेली.

चार दिवसांनी मॅनेजरनं बोलावलं. माझी पाळी आता संध्याकाळची. शेवटची बस सुटल्यावर संपणारी. समोर एक कागद ठेवला, छापलेला माफीनामा. सही केली तर सकाळची पाळी परत. साहेबांचं मन मोठं आहे, म्हणाला. मी कागद पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं की माझ्या अज्ञानामुळे साहेबांना त्रास झाला.

अज्ञान माझं!

आता मी संध्याकाळी जाते. नवरा मोटरसायकल घेऊन न्यायला येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडून आलेलं असतं, तरी ब्लाऊज शिवते. संध्याकाळच्या पाळीत सहा नवे लोक आहेत. सहाही जणांना भिंतीवरची लाल फुली मी बोट ठेवून दाखवली आहे, मोठ्यानं, मॅनेजरला ऐकू जाईल असं.

माफीनामा अजून त्याच्या टेबलावर आहे. सही होणार नाही. पुढच्या वाढदिवशी साहेबांनी खुशाल यावं. मी जिवंत असेन, हातात सुया असतील, आणि टोपली दारातून आत आली की पहिला आवाज माझा असेल.