कान कुणावर गेले

माझे कान पुढे आलेले आहेत. आमच्याकडे त्यांना सुपासारखे कान म्हणतात आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मुलाचे असले तर ते गणपतीचे कान, पोरगं नशीब काढणार. मुलीचे असले की पहिला सवाल तिच्या आईला, "बाळंतपणात टोपडं बांधलं न्हाई का गं?"

समज असा की तान्ह्या बाळाचे कान मऊ असतात, सव्वा महिना डोक्याला फडकं घट्ट बांधलं की ते चापून बसतात. नाही बसले, तर आईनं हयगय केली. माझ्या आईनं फडकं बांधलं होतं की नाही हे तिचं तिलाही धड आठवत नाही. आमच्या उमापूरच्या घरात ते आठवायचं काम आत्याकडे होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावातच दिलेली, त्यामुळे रोज चहाला आमच्याकडे. "हिला झोप लई प्यारी व्हती. लेकराकडं ध्यान कुठं?" हे वाक्य मी बारशात ऐकलं, हळदीत ऐकलं, अंगणात पापड वाळत घालताना ऐकलं. आई मान खाली घालून पुढचा पापड टाकायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथंच बसलेले असायचे. उमापूर-गेवराई रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चालते. माणसं कोंबून भरायची, वर पोलिसाशी हुज्जत घालायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण बहिणीपुढे मूग गिळून गप्प. मला तेव्हा वाटायचं, बिचारे दोघींच्या मधे सापडलेत. कसले बिचारे!

मला हे कान आवडायचे असं मी खोटं सांगणार नाही. दहावीत असताना मी ते चिकटपट्टीनं मागे चिकटवून झोपायचे. सकाळी पट्टी ओढली की चार केस तिच्याबरोबर यायचे. तेव्हा कुणी ऑपरेशनचं विचारलं असतं तर नाचत गेले असते. विचारलं ते लग्न ठरताना, आणि तेही मला नाही, अण्णांना.

स्थळ कडा गावाच्या बाजूचं होतं. जमीन, ट्रॅक्टर, घरात राजकारण. मुलाची आई पंचायत समितीवर निवडून आलेली. बघायला आल्या तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि मला न विचारता बोटानं माझे केस मागे सारले. बैल घेताना दात बघतात तसं. मुलगा मोबाईलमध्ये. दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी शिकलेली आहे, पसंत आहे, फक्त कानांचं तेवढं लग्नाआधी करून घ्या. खर्च आमचा. उद्या जिल्हा परिषदेची सीटही महिलांना सुटली तर सूनबाईचा फोटो फ्लेक्सवर लागणार, लोकांनी हसायला नको.

फ्लेक्स! आमच्या जिल्ह्यात चौकाचौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकेक ध्यान गॉगल लावून उभं असतं, त्यातल्या एकालाही कुणी नाक बदलून ये म्हटलेलं नाही. मी हे घरात ओरडून बोलले. अण्णा म्हणाले, "एवढं मोठं घराणं चालून आलंय. जरा कान मागं घेतले तर काय बिगडतंय?" आत्या म्हणाली, "आईनं करायचं ते आता डाक्टर करंल." आई स्वयंपाकघरात होती. तिथून भांडं आपटल्याचा आवाज आला, बस्स.

मी संभाजीनगरला डॉक्टरकडे जायला तयार झाले ते आईमुळे. ती मला एकटीला म्हणाली, "तू ऑपरेशन कर, न्हाईतर नको करू. मला एक डाव डाक्टरला इचारायचंय."

डॉक्टर तरुण होता, बोलायला साधा. माझा कान दुमडून त्यानं आरशात दाखवलं, "ही जी आतली घडी असते ना, ती तुमच्या कानात पडलेली नाही. आम्ही कानामागून छोटा छेद घेतो, आतल्या कूर्चेला घडी घालतो आणि टाके घेतो. काही दिवस डोक्याला पट्टी." अण्णा मान डोलवत होते, जणू जीपच्या कामाची बोलणी चाललीत. एवढ्यात आई खुर्चीतून पुढे सरकली. अनोळखी पुरुषाशी ती सहसा बोलत नाही. म्हणाली, "सायेब, म्या टोपडं बांधलं न्हाई म्हणून असं झालं का?"

डॉक्टर हसला नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. "नाही मावशी. हे कान जन्मतःच असे आहेत. फडकं बांधलं असतं तरी कान असेच राहिले असते. तुमचा काही दोष नाही."

 आईच्या खांद्यावरून पदर घसरला तो तिनं सावरलाही नाही. आणि त्या क्षणाला माझे वडील बोलले. इतकी वर्षं न उघडलेलं तोंड तिथं उघडलं. "म्हंजी हिच्या माहेरचं रक्त असंल. आमच्या खानदानात असले कान न्हाईत."

मी काही बोलणार तोच डॉक्टर म्हणाला, "घरात असतात बऱ्याचदा. काका, तुमचा रुमाल जरा काढता का?"

अण्णांच्या डोक्याला कायम पांढरा रुमाल, कानावरून घेऊन मागे गाठ. जीपमध्ये धूळ येते म्हणून. घरी आंघोळीनंतर मी त्यांना उघड्या डोक्यानं शेकडो वेळा पाहिलं असेल. पाहिलं, पण बापाच्या कानांकडे कोण बघतं? त्यांनी नाइलाजानं गाठ सोडली. डॉक्टरनं आरसा त्यांच्याकडे वळवला. त्यात आम्ही दोघं दिसलो. चार कान, एका साच्यातले.

"इथून आलेत," डॉक्टर सहज म्हणाला आणि पट्टीचं पुढचं सांगायला लागला.

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना धक्का बसलेला नव्हता. तेच मला सहन झालं नाही. हा माणूस रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून दाढी करतो. त्याला ठाऊक होतं. आत्याचं चालू असताना, आई पापडावर वाकलेली असताना, त्याला ठाऊक होतं.

आम्ही जीपनं परत निघालो. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर अण्णा पुटपुटले, "लोकांपुढं रुमाल काढाय लावला. कावून? काय गरज व्हती?"

आई त्यांच्याकडे वळली. "दोन मिंटं बगितलं तर एवढं लागलं?" ती म्हणाली. "लोक माज्या घरात येऊन रोज लेकीचे कान बगायचे, मला बोलायचे. तवा तुमी चहा पेत व्हता."

तेवढ्यात फोन वाजला. मुलाच्या आईचा. अण्णांनी जीप कडेला घेतली, पण फोन उचलला आईनं. स्पीकर लावला आणि अण्णांच्या तोंडासमोर धरला. पलीकडून आवाज आला, "काय म्हणले डॉक्टर? कधीची तारीख दिली?"

"सांगा," आई म्हणाली. "कान कुणाचे हायत ते सांगा त्यांना."

शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललेलं. आईचा हात हलला नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "पोरीचे कान माज्यावर गेलेत. ऑपरेशन न्हाई करायचं."

फोन बंद झाला आणि त्याबरोबर सोयरीकही मोडली. आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मैत्रिणींना हे सांगितलं की त्या म्हणतात, शेवटी बाप तुझ्या बाजूनं उभा राहिला की. राहिला. पण मला त्या वेळी त्यांचं कौतुक वाटलं नाही, माझ्या अंगाची आग झाली. कारण ते वाक्य बोलायला त्यांना काहीच मोजावं लागलं नाही. ना घर बुडालं, ना बहीण तुटली. चहाचा घोट घेता घेता म्हणता आलं असतं, माझं पहिलं पाऊल पडायच्याही आधी. आईनं मग मान वर करून पापड टाकले असते.