लाँग ट्यूब, शॉर्टी आणि काकूंचं वजन

गेल्या शनिवारी तांदळाच्या पोत्यांनी माझी चांगलीच फजिती केली...

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत एका पंजाबी पाजींच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून हात काळेच. इचलकरंजी, पुणे, दुबई, मग इथे... एका जागी धड दोन वर्षं टिकलो असं अजून झालेलं नाही.

आमच्याकडे नागपूरचे एक डॉक्टरकाका येतात. इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटना भूल दिली आणि रिटायर झाल्या झाल्या घेतली काय, तर जुनी अमेरिकन मसल कार! लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि आधीच्या मालकानं स्प्रिंग बदलून पार जमिनीलगत आणलेली. थोडी उंच करून देतो म्हटलं तर काका ऐकेनात. "अरे, ती अशी दबा धरून बसलेली दिसली, म्हणून तर घेतली."

प्रश्न होता हेडरचा. म्हणजे इंजिनातला धूर मागे सायलेन्सरकडे नेणारे पाइप... जुने गंजून फुटले होते. लांब पाइप घेतले, ज्याला लाँग ट्यूब म्हणतात, तर ताकद वाढते आणि आवाज असा येतो की पोटात ढोल वाजतो. पण ते गाडीच्या खाली लोंबतात. आखूड घेतले, म्हणजे शॉर्टी, तर इंजिनाला चिकटून वर राहतात, पण मजा निम्मी.

पाजी म्हणाले, "इस बार तू चुन." आजवर मला कुणी नट कुठला लावायचा हेसुद्धा विचारलं नव्हतं. मी लगेच लाँग ट्यूब मागवले. काकांनाही तोच आवाज हवा होता... नवीन नवीन इकडे आले तेव्हा हॉस्पिटलच्या गेटसमोरून अशीच एक गाडी जायची म्हणे, आणि हे सायकल धरून बघत उभे राहायचे.

अडचण एकच. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काका-काकू याच गाडीनं कार्डिफला लेकीकडे जाणार होते, आणि काकांच्या घराच्या रस्त्यावरच पाच हम्प आहेत. हम्प म्हणजे आपला स्पीडब्रेकर. पाइप घासला तर घराबाहेर पडतानाच वाट लागणार.

म्हणून मी हम्पच्या उंचीचा एक लाकडी ठोकळा कापला. पाइप दोन-दोन बोल्टवर नुसते टांगले आणि ठोकळा खालून सरकवून बघायचा ठरवला. पण रिकामी गाडी मोजून उपयोग नसतो... माणसं बसली की ती दबते. आता काकूंना वजन कसं विचारायचं? मला ताप आला तेव्हा ज्यांनी तीन दिवस वरण-भाताचा डबा पाठवला, त्यांना? माझी जीभच रेटेना.

शेवटी शेजारच्या दुकानातून बासमतीची वीस-वीस किलोची पाच पोती उसनी आणली. काकांच्या जागी तीन, काकूंच्या जागी दोन. ठोकळा खालून आरामात गेला... मी खूश! आता फक्त वेल्डिंग उरलं होतं. वेल्ड मारला की पाइप दुकानदार परत घेत नाही.

शनिवारी वेल्डिंगची तयारी करत होतो, तर पाजींनी आत डोकावून बघितलं. सीटबेल्ट लावलेली पोती बघून म्हणाले, "ओए, चावल को कार्डिफ ले जाना है या आंटी को?"

मी गुपचूप काकांना फोन लावला. अर्ध्या तासात दोघं आले. काकू "गजानना रे" म्हणत त्या खोल सीटमध्ये बसल्या, काका स्टिअरिंगवर. मी खाली झोपून ठोकळा सरकवला... अडकला. परत सरकवला. परत अडकला.

मी बाहेर आलो तेव्हा काकूंनी माझं तोंड बघूनच ओळखलं. "माझ्या जागी किती पोती ठेवली होती रे?"

"दोन..."

"चाळीस किलो? बाप्पा! अरे, लग्नातसुद्धा नव्हते मी चाळीस!" आणि काकू असं हसल्या की गाडी हलली.

पण मग त्या दाराला धरून हळूहळू उतरल्या. मला म्हणाल्या, "तू तेच पाइप लाव. मी कोच-बसनं जाईन कार्डिफला. ह्यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही."

काका स्टिअरिंग धरून बसले होते. मग काचेतून समोर बघतच म्हणाले, "शॉर्टी लाव."

"काका, तो आवाज नाही यायचा..."

"नाही तर नाही. एकट्यानं ऐकून काय करू?"

काकू परत "गजानना रे" म्हणत आत जाऊन बसल्या, बस्स.

मी लाँग ट्यूब उतरवून पुसून खोक्यात घातले. खरं सांगतो, मन खट्टू झालं. आठवड्याभरात शॉर्टी बसवले. आवाज म्हणाल तर एखादा भारदस्त माणूस घसा खाकरतो तेवढाच... पण या वेळी काकूंना गाडीत बसवून ठोकळा सरकवला आणि मगच वेल्ड मारला.

आज दुपारी कार्डिफहून काकूंचा फोन आला. "पोचलो रे. कुठ्ठे लागलं नाही खाली. आणि हे बघ, प्रत्येक हम्पला हे माझ्याकडे बघून हसत होते, लहान पोरासारखे."

पंधरा दिवस मी पाइपांची लांबी, जाडी, वाक सगळं मोजत होतो, आणि ज्या काकूंना त्या गाडीत बसायचं होतं त्यांना एक साधा प्रश्न विचारला नाही. तरी ना पाजी रागावले, ना काका, ना काकू... परमुलखात अशी माणसं मिळाली, हे माझं नशीब.