निरोप धरणारी चिमटी

पूर्णगडच्या एसटीत शेजारी बसलेली मुलगी माशांच्या चेतापेशींवर संशोधन करत होती.

"आरएनए म्हणजे पेशीतला निरोप," ती म्हणाली. "त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला चिमटीसारखा भाग असतो."

तिने आपलं तिकीट चिमटीत असं धरलं, की त्यावरचे आकडे झाकले गेले.

"निरोप वाटेत फुटता कामा नये. पण काका, धरणं सोपं. पोचल्यावर सोडणं कठीण."

मीही माझं तिकीट तसंच चिमटीत धरलं. मामा गेल्याचं मावशीला सांगायला मी निघालो होतो. तिच्याकडे फोन नव्हता. "तिला जेवू दे, मगच सांग," आईने बजावलं होतं.

मी घरी पोचलो तेव्हा मावशी ताट वाढून घेत होती. "अवचित कसा रे आलास?"

"आधी तू जेवून घे."

तिने ताट बाजूला सारलं.

"कोण गेलं?"

माझ्या चिमटीत अजून तिकीट होतं.