सुमनचा दुसरा दाखला

"सही तेवढी करायची आहे, मॅडम," असं म्हणत वकिलांनी पहिल्या डॉक्टरांचा दाखला माझ्यापुढे सरकवला. "मजकूर तयारच आहे. हाच उतरवून घ्या."

बाहेर बाकावर पिंपळगाव बसवंतचा भास्कर बसला होता. कांदा मार्केटात मापाडी होता तो. शेजारी त्याची बायको सुमन. तिला वेड लागलंय, असं घरच्यांचं म्हणणं होतं आणि तिला मनोरुग्णालयात पाठवायचं होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकला सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होते.

त्या वेळी १९१२चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेड्यांविषयीचा कायदा, लागू होता. नावापासूनच जुनाट कायदा, पण त्यात काही शहाणपणाची कलमंही होती. नवऱ्याने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, त्यातला एक गॅझेटेड अधिकाऱ्याचा, म्हणजे इथे माझा. मॅजिस्ट्रेटला पटलं की रिसेप्शन ऑर्डर निघायची, म्हणजे रुग्णाला ठेवून घेण्याचा हुकूम. एकदा आत गेलेली बाई घरच्यांनी मागितल्याशिवाय सहसा बाहेर येत नसे. सुमनला अडीच वर्षांची मुलगी होती.

दाखल्याचे दोन भाग असत. डॉक्टरने स्वतः काय पाहिलं ते एकात, लोकांनी काय सांगितलं ते दुसऱ्यात. नुसत्या सांगोवांगीवर हुकूम काढता येत नसे. पहिल्या डॉक्टरांनी स्वतः पाहिलेल्या भागात लिहिलं होतं : असंबद्ध उत्तरे देते, कानात आवाज येतात असे कबूल करते. लोकांचं म्हणणं असं, की हाका मारल्या तरी बघत नाही, भलत्याच वेळी हसते, अंधार पडला की भिंती धरून चालते.

या भिंतींपाशीच मी अडले. वेडी बाई अंधारातच का भिंत धरेल? मला नसत्या चौकशांची खोड आहे, घरचेही वैतागतात. मी वकिलांना सांगितलं की दोन्ही डॉक्टरांनी वेगवेगळं तपासायचं असं कायदाच म्हणतो. उतरवून घ्यायला कारकून चालला असता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बसले.

सुमनला एकटीलाच आत घेतलं. नाव विचारलं.

"हो," ती म्हणाली.

जेवलात का? हो. कानात आवाज येतात? हो. माझी नजर तिच्यावर होती आणि तिची माझ्या ओठांवर. मग मी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मी तुमचा धाकटा दीर आहे ना?"

"हो."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. मी उठून तिच्या पाठीमागे गेले आणि स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. पलीकडच्या खोलीतून सिस्टर धावत आल्या. सुमन समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. मग खुणेने तिला पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले. ती सरळ माझ्या अंगावर कलंडली. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो गेला की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. अंधारात मग भिंत हवीच.

ती सातवी शिकलेली होती. मी कागदावर लिहिलं, "ऐकू येत नाही?" तिने आधी दाराकडे पाहिलं. मग पेन घेऊन लिहिलं, "यांना सांगू नका."

कागद भरत गेला. आदल्या वर्षी चांदवडला माहेरी असताना तिला टीबी निघाला. आईने सासरी कुणाला कळू न देता तिला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई टोचवून आणली. टीबी आटोक्यात आला, पण त्या औषधाने कान गेले आणि शिट्टीसारखा आवाज तेवढा आत राहिला. बहिरी झाले म्हणावं तर कशाने ते सांगावं लागणार. टीबीची सून कोण ठेवून घेईल? म्हणून ती प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत राहिली. टीबी कळण्यापेक्षा वेडी ठरणं तिला परवडत होतं. मला तिचा राग आला, तिच्या आईचा आला, सगळ्या जगाचाच आला.

दाखल्यात मी जे पाहिलं तेवढंच लिहिलं : दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, तोल जातो, लेखी उत्तरे सुसंगत, वेडाचे लक्षण नाही. वकील म्हणाले की याने अर्ज टिकणार नाही. मी म्हटलं, टिकू नये म्हणूनच लिहिलंय.

दाखल्यात काय लिहिलंय ते भास्करने वकिलांकडून समजून घेतलं. मग म्हणाला, "बहिरी हाय, तर मग हो कशाला म्हणती? आन् कान कशानं गेले?"

"एका औषधाने. पुढचं तिलाच विचारा, लिहून."

त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तो तिला चांदवडला सोडून आला. मुलगी तिच्याबरोबर गेली, एवढंच बरं झालं. वेडी ठरण्यापासून कायद्याने तिला वाचवलं. नवऱ्याला तिला नांदवायला लावणारं कलम त्यात नव्हतं.

काही महिन्यांनी ती कान दाखवायला आली, मुलीला कडेवर घेऊन. मुलीला पाणी हवं होतं. तिने दोन्ही हातांनी आईची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि मगच ओठ हलवून मागितलं. ही कधीपासून असं करते, मी लिहून विचारलं.

"लय दिवस झाले," सुमन मोठ्याने म्हणाली. "सासरी व्हते तवापासून."

म्हणजे दोन डॉक्टर आणि एक वकील कामाला लागले, तेव्हा त्या घरात एकीला ठाऊक होतं. आम्ही कुणी त्या मुलीला विचारलंच नाही. त्यानंतर असा दाखला लिहायची वेळ आली, की मी घरच्यांना सांगत असे, लहान मूल असेल तर त्याला घेऊन या.