धोंडा खांद्यावर असताना

हिंगणवाडीच्या आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका साखराबाई यांच्याविषयी गावाचे एकच गाऱ्हाणे होते: बाई काही सांगत नाहीत. रेणापूर तालुक्यातल्या या गावात बातमी सकाळी गिरणीवर दळली जाते आणि संध्याकाळी भाकरी होऊन घरोघरी पोचते. अशा गावात कोणाची पाळी चुकली, कोणी गोळ्या सुरू केल्या, कोणाच्या तांबीची मुदत संपत आली, हे सारे ठाऊक असलेल्या व्यक्तीने तोंड मिटून राहावे, ही गावाच्या दृष्टीने जवळजवळ साठेबाजीच होती.

त्या मूळच्या धर्माबादकडच्या. संतापल्या की तेलुगूत बोलत. त्यामुळे त्यांचा राग गावाला फारसा लागत नसे. नोकरीच्या आरंभी त्यांनी उपकेंद्राच्या दाराशी निरोधची पेटी टांगली होती. पेटी भराभर रिकामी होऊ लागली, तेव्हा कुटुंबनियोजनाला आलेला हा बहर पाहून त्या हरखल्याही. पुढे कळले की, शेतकरी मंडळी ती वस्तू विहिरीतल्या मोटारीच्या वायरीला, जोडाच्या ठिकाणी, चढवत होती. पाणी शिरत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्या वर्षी गावात मोटारी कमी जळाल्या आणि बाळंतपणे नेहमीइतकीच झाली.

अशा हसतमुख बाईंची झोप उडवली ती शेषेरावांच्या सुनेने. पुनमच्या तिसऱ्या बाळंतपणात अंगावरून इतके रक्त गेले की, लातूरला नेऊन रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले: पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल. अंगात रक्त नसताना तिच्यावर शस्त्रक्रिया करणे इतक्यात शक्य नव्हते. तांबी तिला पूर्वीच सोसली नव्हती आणि गोळ्याही मानवत नव्हत्या. उरला तिचा नवरा आदिनाथ. तो धडधाकट होता, आणि त्याला बिनटाक्याची नसबंदी सहज करता येण्यासारखी होती.

साखराबाई पुनमला पाहायला जात. पापणी खाली ओढून आतला रंग बघत, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नको म्हणून दटावत, आणि जाता जाता ओसरीवर थांबून तो विषय काढत. शेषेराव गावातले वजनदार गृहस्थ, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. मर्दाची नसबंदी म्हणजे घरादाराचे बळ गेले, असे त्यांचे ठाम मत होते. अशा माणसाने उद्या नांगर कसा धरायचा, हा त्यांचा सवाल.

"नांगर तर तुमचा ट्रॅक्टर धरतो, काका," साखराबाई म्हणाल्या. "त्याची नसबंदी करा, असं मी कुठं म्हणते?"

आत पुनम खोकल्यासारखी हसली. आदिनाथ मात्र हसला नाही. बायकोवर त्याचा जीव होता. गावाच्या तोंडाची त्याला भीती होती. तो दारापर्यंत पोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, एक मर्द दाखवा मला. नसबंदी झालेला आन् वझं उचलणारा. मंग मी मुकाट येतो."

साखराबाईंच्या जिभेवर नाव आले. ते त्यांनी औषधाच्या कडू घोटासारखे परत गिळले.

"दाखवता येत न्हाई रे. उद्या तुझंबी मी कुणाला दाखवणार न्हाई."

ते नाव गुरुबसप्पाचे होते. महादेवाच्या देवळापुढे एक काळा धोंडा आहे. शिवरात्रीच्या जत्रेत तो खांद्यावर घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्याला मानाचा फेटा बांधतात. हा फेटा अनेक वर्षे गुरुबसप्पाच्या घरातून बाहेर गेला नव्हता. आणि गुरुबसप्पाची नसबंदी झालेली होती. बैल पाहायला जातो असे सांगून तो लातूरला गेला, आणि बैल पसंत पडला नाही असे सांगत जरा जपून चालत परतला. त्याच सुमारास त्याची बायको अंजू माहेरी उदगीरला गेली आणि आपलेच 'ऑपरेशन' झाल्याचे सांगत परतली. सासू शांतम्माने सुनेला महिनाभर कामाला हात लावू दिला नाही. वर साजूक तुपातले डिंकाचे लाडू खाऊ घातले. हे नाटक ठाऊक असणारी तिसरी व्यक्ती एकच, आणि तिचे तोंड मिटलेले.

शिवरात्रीला देवळापुढे गर्दी जमली. बायका चौथऱ्यावर, पुरुष पटांगणात. एका कडेला आरोग्य खात्याचे टेबल आणि टेबलामागे साखराबाई. गुरुबसप्पाने कपाळाला भस्म लावले, धोंडा आधी मांडीवर घेतला, मग छातीवर, मग खांद्यावर. हलगी घुमू लागली. तो प्रदक्षिणेला निघणार, एवढ्यात साखराबाई टेबल सोडून शेषेरावांपाशी आल्या. हलगीच्या वरताण आवाजात त्या म्हणाल्या की, आपण इतके दिवस उगाच वाद घातला. काकांचेच म्हणणे आता खरे धरून चालू.

शेषेराव सुखावले. त्यांनी हलगीवाल्याला थांबण्याची खूण केली. असे शब्द चार लोकांना ऐकू गेले पाहिजेत.

"तुम्ही म्हणता तसं, नसबंदी झालेल्या माणसाच्या अंगात बळ राहत न्हाई," साखराबाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढे मांडले. "मंग अशा माणसाला ह्या मानाच्या धोंड्याला हात तरी का लावू द्यावा? कमिटीनं ठरवून टाकावं."

सूचना सगळ्यांना पटली. शेषेरावांनी तिथल्या तिथे जाहीर केले की, कमिटीचा तसा ठराव होईल, आणि असा कोणी दुबळा गावात निघालाच तर त्याचा फेटा काढून घेतला जाईल. लोक हसले. दुबळ्यावर दोनचार टोमणेही झाले. गुरुबसप्पा तेवढा वेळ धोंडा खांद्यावर घेऊन उभा होता. त्याच्या मानेची शीर फुगली; ती वजनाने फुगली नव्हती, हे अंजूखेरीज फक्त एकीला कळले. तिने मुद्दाम त्याच्याकडे पाहिले नाही.

"मंग हे काय वाऱ्यानं उचललंय का, काका?" तो म्हणाला.

कोणाला काही उमगेना.

"माझी नसबंदी होऊन लई वर्सं झाली. काढा फेटा. पन काढायच्या आधी हा धोंडा कुणीतरी धरा."

धरायला कोणी पुढे आले नाही. गुरुबसप्पाने आपला आपण धोंडा सावरला आणि हलगीशिवायच प्रदक्षिणा पुरी केली. आदिनाथ त्याच्या प्रत्येक पावलाकडे पाहत होता, जणू पुढच्या पावलाला तरी हा माणूस कोसळेल.

मग चौथऱ्यावरून शांतम्मा उतरल्या. मुलाकडे त्यांनी दुर्लक्ष केले. त्यांचा प्रश्न सुनेला होता.

"मग तू महिनाभर लाडू खाल्लेस, ते कशापायी ग?"

अंजूने पदर तोंडाशी धरला. "अर्धे ह्यांनीच खाल्ले, आत्याबाई. तुम्ही निजल्यावर."

तेव्हा गाव जे हसले, त्यात ठराव वाहून गेला. फेटा मात्र गुरुबसप्पाला बांधावा लागला, आणि तोही अध्यक्षांच्याच हातून. शांतम्मांनी घरी जाताना एवढेच म्हटले की, खाल्ले ते ज्याचे त्यालाच लागले, तूप वाया गेले नाही. गुरुबसप्पा टेबलापाशी आला.

"सिस्टर, तुम्ही काही बोलल्या न्हाईत."

"मी कधी बोलते का?" साखराबाई म्हणाल्या. त्या रक्तदाबाचा पट्टा गुंडाळू लागल्या. पहिल्यांदाच त्यांनी कोणाच्या तरी गुपिताला बाहेरून धक्का मारला होता, आणि याचा अभिमान बाळगावा की लाज, याचा निवाडा त्यांना करता आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आदिनाथ न्हाऊन-धुऊन ओसरीवर आला आणि वडिलांना म्हणाला की, लातूरला बैल पाहायला जाऊन येतो. शेषेरावांच्या गोठ्यात कित्येक वर्षांत बैल नव्हता. तिथे ट्रॅक्टर उभा असे. त्यांनी पानाला चुना लावला, तो बोटाने पसरवला, पुन्हा पसरवला.

"जा. पन पसंत पडला न्हाई म्हनून तसाच माघारी येऊ नको."

तो परतल्यावर साखराबाई घरी आल्या. आठवडाभर जड उचलायचे नाही, शस्त्रक्रियेचा गुण लगेच येत नाही, तीन महिने साधन वापरायचे आणि मग तपासणी करून घ्यायची, असे त्यांनी नीट समजावले. निरोधची पाकिटे हाती ठेवताना त्या थांबल्या.

"आन् ही मोटारीला न्हाईत."

आत पुनम डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याने हात पुढे केला, तसे "आत्ता न्हाई, मामंजी निजल्यावर," म्हणत तिने झाकण लावले.