पिवळ्या भुंग्याला नांगी नसते

जव्हारला संस्थानातल्या एका साहेबांच्या बंगल्यावर मी आणि माझा नवरा बागकाम करायचो. तिथे गोकर्णीच्या वेलाला आधार म्हणून पांगाऱ्याचा वाळका ओंडका पुरला होता. त्यात भुंग्यांनी भोकं पाडलेली, खाली रोज भुसा सांडायचा. मी पाणी घालायचं सोडून बघत राहायची आणि नवरा कामचुकार म्हणून ओरडायचा. ओरडू दे. भोकं पाडते ती काळी, पाठीवर तेवढा पिवळा पट्टा. ती मादी. फुलांपुढे हवेत एकाच जागी घूं घूं करत राहतो तो अंगभर पिवळा, तो नर. त्याला नांगीच नसते. हे मला कुणी शिकवलं नाही. डोळे होते, म्हणून कळलं.

एकदा फुलं खुडताना बाईसाहेबांना भुंगा चावला. बोट टम्म सुजलं. साहेब म्हणाले, ही पिवळीच जात विषारी, ओंडका जाळून टाका. नवरा मुकाट घासलेटची बाटली घेऊन आला. माझं डोकंच फिरलं. ओंडक्यात पिल्लं होती! मी आडवी उभी राहिले आणि सांगितलं, चावली ती काळी, फुलाबरोबर चिमटीत सापडली म्हणून. साहेब हसले. आता अडाणी बाई आम्हाला शिकवणार, म्हणाले.

मी पिवळा भुंगा पकडला, मुठीत दाबला आणि त्यांच्या नाकासमोर मूठ उघडली. तो उडून गेला, हाताला काही झालं नाही. पण साहेब कसली माघार घेतात!

"आता काळी धर," ते म्हणाले. "चावली नाही, तर ओंडका राहील."

ती चावणार हे त्यांना माहीत होतं, मलाही. तरी धरली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हात मागे घेतला नाही.

"चावली ना?"

"चावली," मी म्हटलं. "घर जाळायला आलेल्यांना चावणार नाही तर काय ओवाळणार?"

साहेबांनी नवऱ्याला खूण केली. मला वाटलं, संपलं आता. नवऱ्याने बाटली साहेबांच्या पायाशी ठेवली. डोक्याचं मुंडासं सोडून ओंडक्याला गुंडाळलं, भोकं झाकली, ओंडका उपटून खांद्यावर घेतला.

"चल," मला म्हणाला. "आपल्या तुरीच्या बांधावर उभा करू."

आमच्या गावापर्यंत, साखरशेतपर्यंत, त्याने ओंडका खाली टेकवला नाही. चाकरी गेली. गेली तर गेली.